शेपटाच्या पाठीवरचा रेडिओ

बेटावर एकट्या राहणाऱ्या दीपगृहवाल्या आजोबांना त्यांचा रेडिओ नेऊन द्यायचा आणि भरतीचं पाणी चढायच्या आत चालत परत यायचं, एवढंच आमच्या मोहिमेचं काम होतं. सांगायला सोपं! ओहोटी लागली की किनारा आणि बेट यांच्यामधला समुद्र मागे सरतो आणि वाळू-चिखलाची अफाट सपाटी उघडी पडते. आमच्या शाळेची एक तुकडी दरवर्षी ती पार करून आजोबांना लागेल ते सामान पोचवते. आसपासच्या शाळाही अशी सेवेची कामं करतात आणि सगळ्यांत चोख कामाला ढाल मिळते. आमच्या कामाला एक अट होती. सपाटीवर मागे एकही खूण राहता कामा नये.

रेडिओ गेल्या वर्षीच्या तुकडीनं आणला होता, मुका झालेला. "म्हातारा बोलत बसतो, सोडतच नाही," एवढंच त्या मुलांनी आजोबांबद्दल सांगितलं. रेडिओ शाळेच्या कार्यशाळेत धूळ खात पडला आणि तिथे तो मला सापडला. मी अर्ध्या वर्षात या शाळेत आले. बाबांची बदली झाली की आमचं बिऱ्हाड पाठीवर. मधल्या सुट्टीत शेजारी बसायला कोणी नव्हतं, म्हणून मी डबा घेऊन कार्यशाळेत जायचे. एका हातात पोळी, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर. किती दिवस लागले ते विचारू नका. एके दुपारी तो खरखरला, खोकला आणि बोलू लागला. विज्ञान प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला, अर्थात 'दहावी अ'ला. फोटोत रेडिओ कप्तानच्या हातात आहे. मी फोटोत आहे, पण ते मला माहीत आहे म्हणून दिसते.

मला ढाल नको होती. त्या आजोबांनी माझ्यासमोर बटण फिरवावं आणि आवाज आल्यावर माझ्याकडे बघावं, इतकंच मला हवं होतं.

तुकडीत आम्ही पाच जण. पुढे कप्तान. ती खो-खोतही कप्तान, वर्गातही कप्तान, बहुधा घरीही कप्तान असावी. तिच्यामागे थोरला आणि धाकटा, दोघे जुळे भाऊ, एकमेकांच्या वाक्यात घुसून बोलणारे. मग प्रथमोपचाराची पेटी घेतलेला 'डॉक्टर', ज्याला स्वतःचं रक्त बघून घेरी येते. आणि सगळ्यांत शेवटी शेपूट, म्हणजे मी. रेडिओ जड होता म्हणून तो शेपटाच्या पाठीवर आला. मी मुळीच कुरकुर केली नाही.

चालायची रीत ठरलेली होती. कप्ताननं वाटेवर लाल चिंधीच्या काठ्या रोवत जायचं. शेपटानं त्या एकेक उपटत यायचं, म्हणजे खूण राहत नाही. काठ्या मोजक्याच, त्यामुळे उपटलेल्या काठ्या मी पुढे नेऊन दिल्या की पुन्हा रोवायला मिळायच्या. दर काठीपाशी मी ओरडायचं, "शेपूट आलं!" पुढून उत्तर यायचं, "चला!" उत्तर आल्याशिवाय कोणी पाय उचलायचा नाही.

"मी इथून दुर्बिणीतून बघतेय," भूगोलाच्या बाई किनाऱ्यावर म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती, दुसरी कप्तानच्या. "ओहोळापलीकडे आभाळ बदललं तर बेट विसरा. परत या. कळलं?"

"हो बाई," कप्तान म्हणाली.

सुरुवातीला मजा होती. पावलाखाली लाटांनी पाडलेल्या वळ्या, त्यांत अडकलेलं आभाळ, आणि माणसाची चाहूल लागताच बिळात पळणारे खेकडे. काठी चिखलातून काढायची म्हणजे दातओठ खावे लागत. काढताना तोंड किनाऱ्याकडे व्हायचं. दर वेळी मला बाई दिसायच्या, आणखी लहान झालेल्या, आणि त्यांच्या मागे टेकडीवरची पांढरी पाण्याची टाकी. मग वळावं तर बाकीचे चौघेही आणखी लहान झालेले. दोन्हीकडे माणसं होती आणि मी कोणाच्याच जवळ नव्हते. त्याची मला सवय होती म्हणा.

मधे ओहोळ लागला. ओहोटीतही तो आटत नाही. तो उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असतं तिथून, पार करायचा. दोर धरून आम्ही मांडीभर पाण्यातून गेलो. थोरल्याचा एक बूट चिखलानं गिळला. "अरे, माझा बूट..." "आईनं विचारलं तर..." "तुझा गेला म्हणून सांगतो." सगळे हसले. मीही हसले, पण मी शेवटी होते आणि ते मागे वळले नव्हते.

पलीकडे बेट एकदम जवळ आल्यासारखं वाटू लागलं. दीपगृहाची खिडकीसुद्धा दिसत होती. "शेपूट आलं!" मी ओरडले. उत्तर आलं नाही. पुन्हा ओरडले. पुढे जुळे कशावर तरी हसत होते. कप्तानजवळच्या काठ्या संपल्या होत्या आणि उपटलेल्या साऱ्या माझ्या काखेत. तिनं थांबायला हवं होतं. पण बेट हाकेच्या अंतरावर असताना शेपटासाठी कोण थांबतं? ती तशीच निघाली, काठ्यांशिवाय. मी चिखलातून ओढत ओढत शेवटच्या काठीपाशी आले आणि मान वर केली.

बेट नव्हतं!

समुद्रावरून धुकं येत होतं. धुकं कसलं, भिंतच! आधी दीपगृह गेलं. मग कप्तान गेली, मग जुळे, मग डॉक्टरची पांढरी पेटी. मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. कप्तानची शिट्टी ऐकू आली, पण ती डावीकडून येत होती की उजवीकडून, काही कळेना. पायाखाली वळ्यांमधलं पाणी हललं. इतका वेळ ते स्वस्थ होतं. आता ते सरकत होतं.

भरती!

मी मागे वळले. किनारा अजून होता. धुकं समुद्राकडून आल्यामुळे सगळ्यांच्या आधी पुढचे बुडाले होते, आणि टाकी दिसणारी मी एकटीच उरले होते. थोडाच वेळ. हातात काठ्या होत्या, एकही खूण न ठेवण्यासाठी उपटलेल्या. ढाल त्या काठ्यांत होती.

रेडिओ शेवटच्या काठीला बांधला आणि मी धावले. किनाऱ्याकडे! एक काठी रोवली. टाकी समोर. दुसरी रोवली. टाकी समोर. छाती फुटायची वेळ आली. तिसरी, चौथी. शेवटची ओहोळाच्या उताराशी खुपसली तेव्हा टाकीचा नुसता माथा उरला होता. मग तोही गेला.

खरं सांगते, त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. ओहोळ समोर होता. पलीकडे बाई होत्या. ज्यांनी माझ्यासाठी थांबायचे कष्ट घेतले नव्हते त्यांच्यासाठी मी का थांबावं? हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारला. पण पाठीवर रेडिओ नव्हता आणि तो तिकडे होता, म्हणून मी काठ्या धरत परत गेले.

पाणी घोट्याच्या वर आलं होतं. माझा आवाज तर बसलेला. मी रेडिओचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. प्लास्टिकच्या पिशवीतून एका बाईंचा गोड, संथ आवाज त्या ओसाड धुक्यात घुमला.

"...तर मैत्रिणींनो, भोपळ्याच्या वेलाला पाणी बेतानंच द्यावं. पाणी जास्त झालं, की मुळं कुजतात..."

पाणी पिंढरीला लागलं. मी उभी होते. चारी बाजूंना पांढरं, आणि जगात फक्त मी आणि भोपळा. रडू येत होतं आणि हसूही. त्या बाई कळीला हात लावू नका म्हणाल्या, शेणखत घाला म्हणाल्या. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, आणि माझा त्या बाबतीतला अनुभव काही कमी नव्हता.

"भोपळा?" धुक्यातून कोणीतरी म्हणालं.

"रेडिओ आहे तो! इकडून!"

डॉक्टर आला, मग जुळे एकमेकांना धरून, मग कप्तान. तिचे ओठ निळे पडले होते. तिनं काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आम्ही गोल गोल फिरत होतो," ती म्हणाली. "किनारा कुठंय?"

"काठ्या धरून चला. ओहोळापर्यंत लावल्यात."

"काढायच्या ना मग जाताना? ढाल..." धाकटा म्हणाला.

"गप रे," कप्तान म्हणाली. "चला. आणि कोणी कोणाचा हात सोडायचा नाही."

ओहोळ आता ओहोळ नव्हता. पाणी कमरेच्या वर, आणि ओढ अशी, की उभ्या माणसाला आडवं करील. दोराचं एक टोक घेऊन कप्तान उतरली, दुसरं माझ्याकडे. मी रेडिओ डोक्यावर घेतला, एक हात त्याला, एक दोराला. भोपळ्याला आता फळं लागली होती. मधोमध आलो. माझ्या पुढच्या धाकट्याचा पाय घसरला. दोर सुटला! तो पाण्याखाली गेला, वर आला, माझ्या अंगावरून पुढे निघाला!

दोन हात आणि तीन गोष्टी. दोर सोडता येत नव्हता.

मी रेडिओ सोडला आणि त्याची कॉलर धरली.

थोरल्यानं मला धरलं, डॉक्टरनं त्याला, आणि कप्ताननं पलीकडून सगळ्यांना खेचून काढलं. आम्ही वाळूवर पडलो. पिशवीतली हवा धरून रेडिओ तरंगत चालला होता. "वेल वाळू लागला, की समजावं..." असं म्हणत तो धुक्यात शिरला. आवाज बारीक होत गेला. काय समजावं ते कळलंच नाही.

किनाऱ्यावरून बाईंची शिट्टी येत होती. तिच्या मागानं आम्ही चालत गेलो. बाईंनी आम्हाला मोजलं, परत मोजलं आणि खाली बसल्या. काठ्या सपाटीवर राहिल्या, ढाल दुसऱ्या शाळेला गेली. घरी आईनं विचारलं, "कशी झाली गं मोहीम?" मी म्हटलं, "बरी." मग अंथरुणात तोंड खुपसून रडले. ढालीसाठी नाही. तिकडे एक म्हातारा खिडकीत बसून राहिला असेल, आणि त्याच्याकडे आता मुका रेडिओसुद्धा नव्हता.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी कार्यशाळेत होते. कपाटात आणखी एक जुना रेडिओ होता, पोट फाडलेला. दाराशी कोणीतरी उभं राहिलं.

"शेपूट आलं का?" कप्ताननं विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

ती डबा घेऊन आत आली. थोड्या वेळानं उरलेले तिघेही आले. डॉक्टरनं पहिल्याच दिवशी बोट कापून घेतलं आणि त्याला घेरी आली.

टपालाची बोट रविवारी बेटावर जाते. परीक्षा संपल्यावर आम्ही बाईंबरोबर त्या बोटीनं गेलो. त्याला मोहीम म्हणत नाहीत आणि त्याची ढालही नसते. आजोबा धक्क्यावरच उभे होते. वर खोलीत एक खुर्ची, एक कप, एक खाट. सगळं एकेकच. कप्ताननं मला कोपरानं पुढे ढकललं. मी रेडिओ टेबलावर ठेवला. आजोबांनी बटण फिरवलं. आवाज आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला हवं होतं अगदी तसं.

आणि रेडिओ बंद केला.

"का हो आजोबा? बिघडलाय?" मी बटणाकडे हात नेला.

"छे गं, उत्तम आहे," ते म्हणाले. "तो काय, बोलतच राहील. तुम्ही गेल्यावर ऐकतो. आता तुम्ही बोला."

एरवी वाक्यात वाक्य घुसवणारे जुळे एकमेकांना पुढे ढकलू लागले. खिडकीबाहेर ओहोटीची सपाटी पडली होती, आणि तिच्यात दूरवर आमची एक लाल चिंधी अजून उभी होती. आजोबा वाट पाहत होते. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट पाठ होती.

"आजोबा," मी म्हटलं, "भोपळ्याच्या वेलाला पाणी बेतानंच द्यावं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "का बरं?" त्यांनी विचारलं.