पांढऱ्या भुवईची पाहुणी

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण लोणखेड्याच्या शिवारात एका टिटवीनं एक सोयरीक मोडली आणि दुसरी जुळवली. मी तिथंच होतो, शेजारच्या उसात. माझे कान असे, की तापीपल्याड मुंगी खोकली तरी इकडे मला ठसका लागतो. त्यामुळे शब्द न् शब्द ऐकलाय.

ती टिटवी आपल्याकडची नव्हे. कझाकस्तानच्या माळावरून हिवाळ्यापुरती येणारी, जगातच थोड्या उरलेल्यांपैकी. डोक्यावर काळसर टोपी, पांढरी भुवई, काळे पाय. चार पावलं पळायची, थबकायची, वाकून किडा टिपायची... पुन्हा पळायची. थव्यापासून चुकलेली, म्हणून गावठी टिटव्यांत मिसळलेली.

कॉलेजात पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या स्वप्नालीला ती दिसली, आणि नेमका त्याच पडीक रानात नवनीतचा ट्रॅक्टर घरघरत आला. रान त्याच्याच बापाचं. पोरगी सरळ ट्रॅक्टरपुढे उभी!

"मरशी ना वं!"

"मी मरनी तं चाली, पन ती उडी गई तं नही. बंद कर!"

त्यानं बंद केला. मग रोजच बंद करायला येऊ लागला. पाहुणीला पाहायला, म्हणे...

"पक्षी तठे शे, नवनीत."

"माले तं आठेच दिसी ऱ्हायना," तो तिच्याकडेच बघत म्हणायचा.

"गुपचूप बठ!"

ती रागवायची, आणि ओढणी सावरता सावरता हसू लपवायची. पण मनातलं? ना त्यानं सांगितलं, ना तिनं.

अशात तो दिवस उजाडला. सुरतेचे पाहुणे तिला बघायला येणार होते. पसंती झाली की तिथल्या तिथं सुपारी फोडायची, असं बापानं ठरवलेलं. घरी साडी काढून ठेवलेली, आणि ही बांधाआड पालथी, डोळ्याला कॅमेरा! अख्खा हिवाळा एक धड फोटो मिळाला नव्हता. फोटोशिवाय ही पाहुणी इथं आली होती, हे मानणार कोण? आणि आज ती कधी नव्हे इतकी जवळ येत होती...

शेजारी नवनीत. श्वास रोखून. तिचा फोन मातीत थरथरला.

"सुरतना पाव्हना शिवारमा ई ग्यात," ती पुटपुटली.

"मंग... तू हो म्हनशी?"

"माले कोन इचारस?"

गाडीरस्त्यावर धूळ दिसली. नवनीतनं ढेकूळ उचललं. आमच्याकडे मुलगी बघायला जाताना टिटवी डोक्यावर ओरडली, की जुनी माणसं पुढे पाऊल टाकत नाहीत. त्यात सुरतेचे मोठे काका म्हणजे मांजर आडवं गेलं तरी मुक्काम करणारे.

"एक ढेकूळ," तो कुजबुजला. "टिटव्या बोंब मारतीन. गाडी फिरी जाई."

"ती पन उडी जाई ना रे! एक उडनी का सगळ्या उडतस. आनि ही परत नही येवाव."

पाहुणी पळाली. थांबली. आणखी दोन पावलं, की अख्खा कॅमेरा भरून तीच. तिकडे गाडीचा हॉर्न वाजला. त्याच्या मुठीतून माती झिरपायला लागली.

"स्वप्नाली... माले तुन्हाबिगर नही जमाव. पन तुन्ही पाहुनी तुन्ही शे. तू म्हनशी तं फेकस. नही तं... गुपचूप बठस."

तिचा डोळा कॅमेऱ्यालाच. पापणीसुद्धा हलेना. गाडी बांधाच्या वळणावर आली—

आणि मग काय! नवनीत वाघासारखा उठला. ढेकूळ असं भिरकावलं, की ते तळोदा ओलांडून सातपुड्यात जाऊन पडलं! टिटव्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. गाडी करकचून थांबली. काका उतरले, वर बघितलं, हात जोडले आणि—

"साफ खोटं, आबा!"

चहाची किटली घेऊन ओट्यावर आलेल्या स्वप्नालीनं मला तिथंच अडवलं. माझ्या शेजारी बसलेला तिचा नवरा नवनीत मान खाली घालून हसत होता.

"ढेकूळ तं यान्हा हातमाच व्हतं! कॅमेरा मी बाजूले ठेवी दिन्हा, उभी मी ऱ्हायनी... आनि टाळी मी वाजाडी!"