काट्यावरचं बंद मशीन

"थांबा! हात लावू नका त्याला!"

जस्मीनचं बोट बटणापाशीच थबकलं. दारात नखशिखांत भिजलेला एक तरुण उभा होता, हातातल्या हेल्मेटमधून पाणी ठिबकत होतं... आवाज मात्र चांगलाच ओळखीचा. वर्षभर फोनवरून तिला झापणारा हाच तो, मोठ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटर विभागाचा झीशान.

"झीशान सर? असे दिसता होय तुम्ही!"

"आधी सांगा, शनिवारी हे बंद केलं होतं?"

उरवड्याच्या कारखान्यात ट्रकचं वजन करायच्या काट्याची ही केबिन. इथला जुना सर्व्हर कायम चालू ठेवायचा, असा हुकूम होता. पण पौडला जस्मीनच्या घरची शिस्त अशी, की खोलीतून उठलं की बटण बंद. त्या सवयीने ती हेही बंद करून घरी जायची आणि सकाळी झीशानची बोलणी खायची.

"केलं होतं," ती ओठ मुडपून म्हणाली. "रागवा आता. समोरच आहे मी."

तो मटकन खुर्चीत बसला आणि चक्क हसला.

"काल मुख्य सर्व्हर गेला. जाता जाता डिरेक्टरी नासवून गेला."

डिरेक्टरी म्हणजे प्रत्येकाचं नाव, पासवर्ड, कुणी काय उघडायचं ती मुभा. ती नाही तर कुणाचाच कॉम्प्युटर उघडत नाही. चालू असलेल्या सगळ्या सर्व्हरांनी ती नासकी नक्कल उतरवून घेतली होती आणि बॅकअपची टेप कोरी निघाली होती.

"आपले मालक, अण्णासाहेब म्हणाले, कारखाना सुटायच्या आत ती परत आणा, नाहीतर घरी जा. इथे जांब्याला एकटाच राहतो, घर परभणीला आहे हो माझं!"

बाहेरून ट्रकवाला बहिरू ओरडला, "ताई, गेटपास मिळंल का न्हाई? लई येळ झाला!"

"बसा बहिरूदादा, परभणीचे पाहुणे आलेत!"

झीशानने आधी नेटवर्कची वायर उपटली. "ही तशीच ठेवून चालू केलं असतं, तर इथली चांगली नक्कलही नासली असती. हं, दाबा आता."

मशीन घरघरलं. दोघं पडद्यावर वाकले... आणि नावं दिसू लागली. सगळी, जशीच्या तशी. 'जस्मीन शेख' आलं तसा तो उगाच थांबला.

"सगळ्यांचीच नावं इतकी निरखून बघता?"

"नाही..." त्याचे कान लाल झाले.

मग त्याने तीच नक्कल मुख्य ठरवली, बाकीच्या पुसून इथून नव्याने उतरवल्या. दुपार कलली तसा गेटपास छापून निघाला, बहिरूचा ट्रक हलला. अण्णासाहेबांचा फोन आला.

"शाबास! पण ही नक्कल वाचली कशी?"

झीशानने जस्मीनकडे पाहिलं. स्वतःची हुशारी सांगायला त्याला कोण अडवणार होतं?

"काट्यावरच्या जस्मीन मॅडमनी मशीन बंद ठेवलं होतं, सर. म्हणून."

"हे नियमात बसतं?"

"नाही, सर. पण माझी नोकरी त्यामुळेच वाचली."

पलीकडे अण्णासाहेब हसले. फोन ठेवून झीशान जरा घुटमळला.

"नियमात न बसणारं... आणखी एक विचारू?"

"लवकर विचारा. अब्बा न्यायला येतील."

"तुमच्याशी... म्हणजे फोनवर नाही... असं समोर बसून पुन्हा बोलता येईल?"

फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. जस्मीनने डबा उचलला, छत्री उचलली आणि निघाली. त्याचा चेहरा पडला. ती दारात वळली.

"बसलात काय? चला की!"

फाटकाशी ती म्हणाली, "अब्बा, हे झीशान. जांब्याला एकटेच राहतात. आज आपल्याकडे जेवायला येतायत."

अब्बांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग स्कूटरला किक मारली.

"रस्ता निसरडा आहे," ते म्हणाले. "माझ्या मागून सावकाश या."