जिवंतांत मारूसो एकच

आमच्या त्रिपिती गावाखालच्या भुयारांत पहिल्या ख्रिस्ती लोकांनी आपली माणसं पुरली. तो मऊ ज्वालामुखी दगड आता बघ्यांच्या श्वासानं झिजतो, म्हणून तिथला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं काम मला मिळालंय. बाहेर आकडा ४२० असतो. शेवटच्या कोठडीत मी एकटी दहा मिनिटं उभी राहिले की तो नऊशेच्या वर जातो. महिनाभर यात फरक पडलेला नाही.

मृतात्म्यांच्या शनिवारी आधी चर्चमध्ये गेले. त्या दिवशी प्रत्येक घर फादरांना एक कागद देतं. एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. आडनावं नसतात.

फादरांनी मेलेल्यांची बाजू वाचली. आमच्या घरची नावं आली. "निकोलास, अर्गिरो, मारूसो."

गावात मारूसो दोनच. एक्याण्णव वर्षांची माझी आजी, आणि रिवाजानं तिचं नाव मिळालेली मी.

"आत्या, चुकीच्या बाजूला लिहिलंस," मी कुजबुजले.

"कागद तुझ्या आजीनं लिहिला," आत्या पुढे बघतच म्हणाली.

आजीनं मात्र माझ्याकडे पाहिलं. शेवटच्या माशावर दुसऱ्या गिऱ्हाइकानं हात ठेवला की बघतात, तसं.

दारात आत्या मेलेल्यांच्या नावानं शिजवलेल्या गव्हाच्या पुड्या वाटत होती. माझ्यापाशी येऊन तिनं टोपली झाकली. झाकण्याआधी आत तीन पुड्या दिसल्या होत्या.

बेकरीवाल्या कातिंगोनं आपली पुडी घेतली आणि मेलेल्यांसाठी म्हणतात ते म्हणाली. "देव तिला क्षमा करो."

"कोणाला?"

"अथेन्सला शिकलीस ना? शोध."

लोक बाहेर पडल्यावर मी फादरांना गाठलं. "उद्या रविवारच्या प्रार्थनेत मला जिवंतांत वाचा. म्हणजे चूक मिटेल."

"उद्याचा कागद आजीनं आत्ताच दिला. जिवंतांत मारूसो आहे."

"मग ठीक."

"एकच आहे." ते मेणबत्त्यांची थोटकं गोळा करत राहिले. "मी दोनदा विचारलं. एकच, म्हणाली."

"मग तुम्ही एक वाढवा."

"घरचे लिहितात तेवढंच मी वाचतो. जा आता. दारातून लोक बघतायत, मी कोणाशी बोलतोय म्हणून."

बाहेर आजी पायऱ्या उतरत होती. तीन वर्षांत ती काठीशिवाय चालली नव्हती. काठी आत्याच्या हातात होती.

मी सरळ भुयारात, शेवटच्या कोठडीत गेले. निदान आकड्याला नावाशी घेणंदेणं नसतं. यंत्र कोनाड्यात ठेवलं आणि घड्याळ लावलं.

दहा मिनिटं. ४२०.

बॅटरी बदलली. ४२०.

यंत्र तोंडाशी धरून जोरात फुंकलं. काच धुरकटली नाही.

४२०.

मागे रेतीवर पावलं वाजली. आजी कोठडीच्या तोंडाशी उभी होती. ती धापाही टाकत नव्हती.

"किती आलं, पोरी?"

आकडा हलला. ४६०. ५१०.

मी श्वास रोखून धरला.

५८०. ६४०. आकडा चढतच राहिला.