मांडव की मशीन

"नारळ कुणी फोडला इथं?"

दुकानात पाऊल टाकलं आणि मी किंचाळलेच. दिवस खंडेनवमीचा, जामखेडच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची ही रांग, सगळ्यांना साखर कारखान्याला निघायच्या आधी रेडियम चिकटवून हवं... आणि माझ्या प्लॉटरवर, रेडियमची अक्षरं कापायच्या माझ्या एकुलत्या एक दोन फुटी मशीनवर, हळद, कुंकू, झेंडूचा हार आणि वरून नारळाचं पाणी! डिस्प्ले एकदा मिचमिचला आणि गप्प झाला.

मशीनपाशी एक उंचापुरा माणूस हातात नारळाची भकलं घेऊन उभा होता. कपाळाला कुंकू, चेहऱ्यावर इतकी शांती की माझं डोकं आणखी फिरलं.

"मीच फोडला," तो म्हणाला. "आज समद्या यंत्रांची पूजा असती. तुमचं एकटंच बिनहाराचं बसलं हुतं... कसंतरी वाटलं."

"अहो, ट्रॅक्टर आहे का तो? आत सर्किट असतं!"

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग एक भकल पुढं करत, "खोबरं घेता?"

असा संताप झाला म्हणून सांगू! तो खर्ड्याचा अंगद. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गावाचं नाव टाकायला आला होता. दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडलं, बघितलं आणि मान हलवली. बोर्ड गेलं होतं.

"भरून देतो," अंगद म्हणाला.

"तुमच्या पैशाचं मशीन मला नको. वडिलांच्या मागं हे दुकान मी माझ्या हिमतीवर चालवलंय."

"मग काय करू?"

"बसा आणि सोला!"

तो खरंच बसला. मी ब्लेडनं हातानं अक्षरं कापायची आणि त्यानं कडेचं नको असलेलं रेडियम सोलून काढायचं. दसरा उलटला तरी रोज दुपारी हजर! एवढाले पंजे, त्यात 'ठ'च्या पोटातला इवलासा गोल चिमटीत धरायचा म्हणजे घामाघूम. एकदा त्यानं अख्खं अक्षर उचलून फेकलं आणि कचरा जपून ठेवला. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं, आणि माझ्या केसाला चिकटलेला लाल तुकडा हलकेच काढला... अगदी रेडियम सोलतात तसा, फाटू नये म्हणून जपून. मी पुढचं बोलायचं विसरले. ह्या माणसाला राग का येत नाही, ह्याचाच मला राग यायला लागला होता.

मोठं मशीन मला कधीपासून हवं होतं. दोन फुटीवर मोठं अक्षर दोन तुकड्यांत कापावं लागतं. मग जोडात धूळ शिरते, पाऊस शिरतो आणि अक्षर मधूनच सुटतं. गिऱ्हाईक शिव्या मला देतं. आईनं माझ्या लग्नासाठी पतसंस्थेत ठेव ठेवली होती. ती मोडायला मी महिनाभर भांडत होते. शेवटी वैतागून आई म्हणाली, "घे जा. पन मग लग्नाला माझ्याकडं दमडी ऱ्हानार न्हाई."

"लग्न कुणाला करायचंय!" मी म्हणाले.

मशीन बघायला नगरला निघाले तर हा पिकअप घेऊन दारात! वाटेत पावसाची सर आली. त्यानं माझ्या बाजूची काच वर केली, आणि स्वतःची बाही मात्र भिजू दिली. "भिजताय की!" मी ओरडले. तो नुसता हसला.

दुकानात जाताच म्हणतो, "पाच फुटी घ्या. एकदाच काय ते."

"आणि रोल? मी वापरते तो रोल चार फुटी येतो. उरलेल्या एका फुटात मशीन काय हवा कापणार?"

"मग हे स्वस्तातलं चार फुटी?"

"कापून दाखवायला सांगा," मी विक्रेत्याला म्हणाले. "ट्रॉलीएवढी लांब पट्टी, तिकडून इकडे आणि परत." पट्टी निम्म्यात आली आणि रोल तिरका सरकायला लागला. दुसरं मशीन, चांगल्या मोटरचं, सरळ गेलं आणि सरळ परत आलं. आवाजसुद्धा असा, जणू कुणी रेशीम फाडतंय. मला तेच हवं होतं. किंमत मी दोनदा विचारली.

अंगदनं हळूच विचारलं, "स्टँड धरला का? ब्लेडा? सॉफ्टवेअर? आपल्याकडं लाईट जाती, इन्व्हर्टर? मी ट्रॅक्टर घेताना नुसतं मुंडकं धरलं हिशेबात. टायर, ट्रॉली, विमा मागनं आले अन् बसले मानगुटीवर."

मी इन्व्हर्टर विसरले होते. त्याच्यावर चिडून मी तो हिशेबात धरला, आणि अंगद आठवणीनं बोलला म्हणून मनातून सुखावलेसुद्धा. सगळं धरून ठेव पुरत होती, वर एक रुपया उरत नव्हता. परत आल्यावर मी उतरताना तो म्हणाला, "तुमी मशीन बघत हुता ना... मी तुमालाच बघत हुतो."

रात्रभर... जाऊ दे, ते सांगत नाही!

दोनच दिवसांनी त्याचे चुलते आबासाहेब आमच्या घरी. स्थळ घेऊन! आई हरखली. त्यांची पाठ वळली न वळली तोच मला म्हणाली, "ठेव मोडायची न्हाई आता. मांडवाला लागंल."

मी तडक अंगदकडे गेले. ट्रॉलीला ग्रीस लावत होता.

"माझं मशीन खाल्लंस तू!" तुम्ही-बिम्ही रागात कुठल्या कुठे गेलं. "मला विचारलंस?"

"थोरल्यांना सांगायची रीत हाय ना... मला तुमी आवडता, मग—"

"आणि मला सांगायची रीत नाही? मी काय ट्रॉली आहे, जोडली आणि निघाली?"

मला रडू फुटलं आणि रडू फुटलं म्हणून आणखी चीड आली. कारण तो मला आवडत होता. भयंकर आवडत होता. ह्या माणसाशी लग्न करायचं तर मशीन गेलं, आणि मशीन घ्यायचं तर हा गेला!

रविवारी आमच्या ओसरीवर बैठक बसली. आबासाहेबांनी यादीच वाचल्यासारखं सुरू केलं. मांडव जामखेडात, हजार पानं, पाहुण्यांना फेटे, मानपान रीतीनं. आई मान डोलवत होती. मी चहाचा ट्रे खाली आपटला.

"लग्न करीन. पण ठेव मशीनला जाणार. मांडव नको."

"बैठकीत पोरगी बोलती?" आबासाहेब उठले. "चल रे अंगद. लई झालं!"

"बसा, आबा!"

कपबश्या खणखणल्या. मी बघतच राहिले. अंगद उभा होता, मानेच्या शिरा ताठ, आवाज असा की शेजारची कोंबडी पळाली.

"लग्न माझं हाय! मला मांडव नको, फेटा नको. नोंदणी करू. तिनं जल्मभर जोड देत अक्षरं कापायची, अन् आपन एका दुपारी भात खायाचा? लाज वाटत न्हाई आपल्याला?"

आबासाहेब न बसता अंगणात जाऊन पाठमोरे उभे राहिले. आईनं पदर तोंडाला लावून अंगदकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "ठेव उद्या मोडू. राजेश्वरी, त्यांना चहा दे आधी, निवला असंल."

मी कप घेऊन अंगदकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला असावा.

"तुमाला इचारायचं राह्यलं," तो पुटपुटला. "मशीन कवा बसंल?"

"मंगळवारी."

"मग बुधवारी इचारतो. घाई न्हाई."

"बुधवारी?" माझा पारा पुन्हा चढला. "बुधवारी कशाला? आत्ता विचार की!"