चार नंबरच्या खोलीची मोजणी

बेथनी ड्रूरी आली तेव्हा क्लाइव्ह शब्दकोड्यात अडकला होता. तो नाश्त्यापासून तिथंच होता.

"बस, पोरी," मर्टल बॅराक्लफ म्हणाल्या.

हल शहरात गुप्तहेरीचं दुकान थाटण्याआधी मर्टलबाईंनी तीस वर्षं आयकर खात्यात काढली होती. समोर बसलेला माणूस न विचारता खरं बोलू लागे. क्लाइव्ह हा त्यांचा दीर, निवृत्त बसचालक. वळणं तो उशिरा घेई, पण घेई.

बेथनी एकोणीस वर्षांची होती. हार्कर अँड पेल या हिशेबतपासनीसांच्या मोठ्या फर्ममध्ये तिची उमेदवारी चालू होती. चार दिवस ऑफिस, एक दिवस कॉलेज, मध्ये मध्ये परीक्षा, आणि चार वर्षांनी चार्टर्ड अकाउंटंट.

"बाबा ग्रिम्स्बीच्या धक्क्यावर मासे कापतात," ती म्हणाली. "आमच्या घरातून टाय लावून कामाला जाणारी पहिली मीच. मी टाय लावत नाही, पण बाबा सगळ्यांना तसंच सांगतात."

"आणि आता?"

"उद्या दोन वाजता मला काढणार आहेत. खोटी मोजणी लिहिली म्हणून. एकदा तसा शिक्का बसला की कुठलीच फर्म मला दारात उभी करणार नाही."

हकिगत अशी होती. एकतीस डिसेंबरला तिला ग्रिम्स्बीच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये पाठवलं होतं. कंपनी म्हणते तेवढा मासा खरंच आहे का, हे खोकी मोजून बघायचं. तीन खोल्या तिनं मोजल्या. चौथीला कुलूप होतं. मॅनेजर म्हणाला, किल्ली सापडत नाही. सोबत येणारा सीनियर ज्युलियन फेअरफॅक्स आलाच नाही, फोनही उचलेना. बेथनीनं हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि दोन जानेवारीला सकाळी कागद ज्युलियनच्या टेबलावर ठेवले.

"मागच्या आठवड्यात कंपनीला कर्ज देणाऱ्या बँकेच्या माणसांनी चौथी खोली उघडली. आत एक मासा नाही. आणि फाइलमध्ये माझ्या नावाची अकरा पानं आहेत, त्यात मी त्या खोलीतली नऊ हजार खोकी मोजलीत. सही माझ्यासारखी आहे. माझी नाही."

"तुझी पानं तू कशानं लिहिली होतीस?"

बेथनी बुटांकडे बघू लागली. "मोजणी बरोबर होती," ती म्हणाली.

प्रश्न तो नव्हता, हे क्लाइव्हच्याही लक्षात आलं.

हार्कर अँड पेलच्या ऑफिसात मर्टलबाईंना ती अकरा पानं बघायला मिळाली. काळ्या बॉलपेननं लिहिलेली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकसारखी.

पहिला भेटला ओवेन, दुसऱ्या वर्षाचा उमेदवार. बेथनीचे मार्क त्याच्यापेक्षा जास्त होते, आणि हे त्यानंच सांगितलं.

"मला राग येतोच ना," तो म्हणाला. "पण दोन आणि तीन जानेवारीला मी कॉलेजच्या परीक्षेत होतो. तीन तारखेला दुपारी पानं कॉम्प्युटरवर चढली, तेव्हा मी तोट्याच्या प्रश्नात होतो. तो अजून सुटला नाही."

ज्युलियन फेअरफॅक्सची खुर्ची मऊ होती आणि आवाज त्याहून.

"वाईट वाटतं," तो म्हणाला. "मी चार तास तिच्या शेजारी उभा होतो. मधे एक फोन घ्यायला बाहेर गेलो, तेवढ्यात तिनं चौथी खोली न बघताच भरून टाकली असणार."

"बाकीचं तुमच्यादेखत लिहिलं?"

"ओळन् ओळ. काळ्या शाईत. पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही, शाई. पेन्सिल खोडता येते. पेन्सिल वापरणारा उमेदवार आमच्याकडे दुसऱ्या दिवशी नसतो."

"कडक आहे," क्लाइव्ह म्हणाला.

"परंपरा आहे," ज्युलियन म्हणाला.

दुपारी दोघं ग्रिम्स्बीला पोहोचले. मॅनेजर ग्लेन पॉकलिंग्टन दारातच भेटला. अंगात रजईएवढा कोट, कानावर पेन्सिलीचा तुकडा.

"मी चारही खोल्या उघडून दिल्या," तो म्हणाला. "पुढं पोरीनं काय लिहिलं, मला काय ठाऊक?"

"दोन जानेवारीला तुम्ही हार्करच्या ऑफिसात गेला होतात. तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत तुमचं नाव आहे."

"बिलं द्यायला. तो काय गुन्हा झाला?"

आत उणे बावीस होतं. मर्टलबाईंनी क्लाइव्हला आकडा टिपून घ्यायला सांगितलं. क्लाइव्हनं पेन काढला, वहीवर घासला, झटकला, पुन्हा घासला. वहीला भोक पडलं, आकडा काही उमटला नाही.

"फुकटचा पेन," तो पुटपुटला. "बँकेनं दिलेला."

ग्लेननं दाराशी टांगलेला पत्र्याचा डबा पुढं केला. त्यात पेन्सिलीच होत्या, वीसेक.

"क्लाइव्ह," मर्टलबाई म्हणाल्या, "आज तू फार कामाला आलास."

परतीच्या वाटेवर क्लाइव्ह आपण काय केलं, हे आठवत बसला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दोनची बैठक ऑफिसात झालीच नाही. फर्मच्या भागीदार हिलरी मार यांना मर्टलबाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण दोन वाजता सगळे ग्रिम्स्बीच्या दोन नंबरच्या खोलीत, हॅडॉक माशाच्या खोक्यांमध्ये, कोट घालून उभे होते.

"मिस्टर फेअरफॅक्स, तुमचा पेन जरा त्या खोक्यावर ठेवता? शेवटी एक सही लागेल."

ज्युलियननं पेन ठेवला. मर्टलबाईंनी बोलायला सुरुवात केली, आणि घाई अजिबात केली नाही.

"पानं बदलली गेली ती दोन तारखेची सकाळ आणि तीनची दुपार यांच्यामध्ये. ओवेन परीक्षेत होता. कॉलेजात विचारून आले, बिचारा दोन्ही दिवस शेवटपर्यंत बसून होता. राहिले दोघं. मिस्टर पॉकलिंग्टन ऑफिसात गेले होते, आणि चौथी खोली रिकामी आहे हे लपवायचं कारण त्यांना होतं."

"यंत्र बंद पडलं नोव्हेंबरात," ग्लेन जमिनीकडे बघत म्हणाला. "मासा टाकून द्यावा लागला. मालकाला सांगायचा धीर झाला नाही. म्हणून कुलूप लावलं. पोरीला मी आत सोडलंच नव्हतं. पण कागदाला मी हात लावला नाही."

"नाहीच लावला. हा माणूस इथं वीस वर्षं आहे. इथली मोजणी खोटी लिहायची झाली असती, तर त्यानं ती पेन्सिलीनं लिहिली असती." मर्टलबाई वळल्या. "मिस्टर फेअरफॅक्स, त्या पेननं इथं हजेरीची सही करता?"

ज्युलियननं पेन उचलला. 'ज्यु' अर्धा उमटला. मग त्यानं पेन दाबला, झटकला, तोंडाची वाफ देऊन पाहिली.

"अकरा पानं," मर्टलबाई म्हणाल्या. "चार तास, शाई गोठवणाऱ्या या थंडीत, एकसारखी काळी शाई, तुमच्यादेखत. असं लिहिणाऱ्याला फर्मचा नियम तोंडपाठ हवा, आणि ही खोली त्यानं आतून कधी बघितलेली नसावी. तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हता. पोरीच्या पानावर तसं लिहिलेलं होतं, आणि तुम्ही तर हजर असल्याची सही करून बसला होता. म्हणून पानं बदलली. चौथी खोली दरवर्षी भरलेली असते, यंदाही असेल, असं धरून कंपनीच्या यादीवरून आकडे उतरवले."

ज्युलियननं पेन खिशात ठेवला. 

"एकतीस तारखेला लग्न होतं," तो शेवटी म्हणाला. "मित्राचं."

"तू ऑफिसात जा आणि माझी वाट बघ," हिलरी मार त्याला म्हणाल्या. मग बेथनीकडे वळल्या. "तुझी पानं पेन्सिलीत होती?"

"हो."

"हे आधी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर पेन्सिलीसाठी काढलं असतं." बेथनीचे दात वाजत होते, पण मान ताठ होती. "नियम मोडला, ते माझ्या नोंदवहीत लिहा. पण त्याच्याखाली हेही लिहा, की तीन खोल्यांची मोजणी खोक्याला खोकं बरोबर होती. बँकेनं पुन्हा मोजली, एकाचाही फरक नाही."

"दोन्ही लिहीन," हिलरी म्हणाल्या. "तू राहतेस. सोमवारची परीक्षा हवी तर पुढं ढकलू. झालंय ते थोडं नाही."

"नको. देते सोमवारी."

धक्का तिथून पाच मिनिटांवर होता. बेथनी चालत गेली, मागून मर्टलबाई आणि क्लाइव्ह. शेडमध्ये तीसेक माणसं रबरी एप्रन घालून मासे कापत होती. टेरी ड्रूरींनी लेकीला दारात पाहिलं आणि हात थांबवला.

"राहिले, बाबा," ती म्हणाली.

 टेरींनी सुरीची मूठ टेबलाच्या पत्र्यावर एकदा आपटली. शेजारच्यानं आपटली. मग एकेक करत शेडमधल्या तीसही मुठी पत्र्यावर वाजू लागल्या, आणि क्लाइव्हला उगाचच नाक शिंकरावंसं वाटलं.

आवाज थांबल्यावर टेरींनी पुढचा मासा ओढला.

"सोमवारचा अभ्यास झाला का?" त्यांनी विचारलं.

"दोन धडे राहिलेत."

"मग इथं काय करतेस?"