पेनी आजोबांचा तिसरा टोल

काम तसं काहीच नव्हतं. आईला शहरातल्या पॉन्सन्बी भागातल्या जुन्या चर्चमध्ये जेवणाला न्यायचं, चार ओळखीच्या म्हाताऱ्यांत बसवायचं आणि दिवस मावळायच्या आत शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांगेरेला घरी परत आणायचं. जुलै महिना, म्हणजे इकडे ऐन हिवाळा, थंडी मी म्हणत होती. मुलाची नवी गाडी मागून घेतली होती. ती गाडी फार शहाणी. दार नीट लागलं नाही तर बोंबलते, मागच्यांनी पट्टा बांधला नाही तरी बोंबलते. घरात सून कमी होती म्हणून ही आणली, असं मी मुलाला म्हटलंसुद्धा.

हसू नका, पण मनात एक आशा धरून निघाले होते. वर्षभर आईने मला नावाने हाक मारली नव्हती. मी तिची धाकटी, तालिता. तिच्याच घरात राहते, तिचे केस विंचरते, आणि ती मला ‘बाई’ म्हणते. तिला वाटतं, मी दवाखान्यातून पाठवलेली कुणीतरी आहे. “बाई, तुम्हाला फार त्रास झाला हं,” म्हणते. अहो, जिने झाडू मोडेपर्यंत आम्हाला बडवलं, ती माझ्याशी आदबीने बोलते! त्यापेक्षा दोन रट्टे घातले असते तर बरं वाटलं असतं. म्हटलं, जुना भाग बघून तरी तिच्या तोंडून एकदा ‘तालिता’ निघेल.

जुना भाग म्हणजे आमची गल्ली. चर्चपासून उताराने खाली गेलं की लागते. आता तिथे सगळी पांढरीशुभ्र घरं, कापून सरळ केलेली झुडपं, आणि कुत्र्यांनासुद्धा स्वेटर. आमच्या लहानपणी तिथे सगळी सामोआहून आलेली बिऱ्हाडं, आणि तीच घरं ओलीने पोखरलेली होती. जमीन इतकी कललेली की पुढच्या दारात गोटी सोडली तर मागच्या दाराने परसात. परसांमधली कुंपणं बायकांनी केव्हाच सरपणाला लावलेली, त्यामुळे गल्लीभर मिळून एकच अंगण. कुणाची आई कुणालाही जेवायला घालायची आणि कुणालाही बडवायची. रविवारी पहाटे बाप्ये लोक दगड तापवून त्यावर तारोचे कंद, नारळाच्या दुधातली त्याची पानं आणि डुक्कर भाजायला लावत. धूर असा उठायचा की कुणी नवा पालागी, म्हणजे गोरा, राहायला आला की घाबरून आगीचा बंब बोलवायचा. बंबवाले यायचे, टोप्या काढायचे, पोटभर जेवून जायचे. पुढे पुढे तर न बोलावताही येऊ लागले. काय सांगू, जेवढी हसले मी त्या गल्लीत, तेवढी पुन्हा आयुष्यात हसले नाही.

आणि रोज तिन्हीसांजेला गल्लीतल्या पेनी आजोबांचा टोल. आमच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला पोहुतुकावाचं भलंमोठं झाड आहे. त्याच्या आडव्या फांदीला आजोबांनी गॅसचा रिकामा सिलिंडर तळ कापून साखळीने टांगला होता. “सामोआत गावोगाव असाच असतो, इथे काय घोडं अडलं?” असं म्हणायचे. पहिला टोल पडला की असाल तिथून घरी पळायचं. दुसरा पडला की घराघरांत प्रार्थना सुरू. मग रस्त्यावर कुणी चालायचं नाही, आणि बाहेर सापडलात तर आहात तिथेच खाली बसायचं. तिसरा पडला की सुटलात. तो पडला रे पडला की पोरं अशी बाहेर उसळायची की पायऱ्या कडकडायच्या. एकदा एक नवा पोलीस दुसऱ्या टोलाच्या वेळी गल्लीत शिरला. रस्त्यावरचे सगळे मटकन खाली बसले. बिचारा दोन्ही हात वर करून म्हणतो, “अहो, मी नुसता पत्ता विचारायला आलोय!”

मग एका संध्याकाळी आजोबांनी दुसरा टोल दिला, रीतीप्रमाणे झाडाखाली बसले, आणि बसले ते उठलेच नाहीत. आम्ही घरात प्रार्थना संपवून वाट बघतोय. सेमिसी, माझा मोठा भाऊ, भुकेने पोट दाबून विव्हळतोय, बहीण फुआतिनोला हसू आवरत नाहीये, मी सर्वांत लहान, दाराच्या फटीला डोळा लावलेला. अखेर आईच बाहेर गेली आणि तिनेच त्यांचे डोळे मिटले. तो तिसरा टोल कुणी दिला नाही. ज्याने सुरू केलं त्यानेच संपवायचं, अशी रीत. आई कितीतरी दिवस म्हणायची, “आपल्या गल्लीची प्रार्थना उघडीच राहिली गं.” पुढे घरमालकांनी घरं विकली, एकेक बिऱ्हाड उठलं, सिलिंडर कुणीतरी नेला. राहिलं फक्त झाड.

तर त्या दिवशी जेवणं झाली, गाणी झाली. मी भांडी आवरायला आत गेले आणि परत येते तर आईची खुर्ची रिकामी. शेजारी आमच्या जुन्या गल्लीतल्याच सालोमे मावशी शांतपणे केक खात होत्या.

“मावशी, आई कुठे गेली?”

“घरी. म्हणाली, पहिला टोल पडला, निघते.”

“आणि तुम्ही जाऊ दिलंत?”

“म्हणजे काय? टोल पडल्यावर कुणी कुणाला अडवतं का?”

“अहो मावशी, आता कुठला टोल? कोण वाजवणार?”

त्यांचा चमचा थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हळूच म्हणाल्या, “तेही खरंच... पण मलाही ऐकू आला गं.”

मी धावतच सुटले. उजेड विझत आला होता, पाऊस नुकताच पडून गेलेला. रस्त्यावर एक माणूस नाही. खिडक्यांमागे पडदे ओढलेले. ओल्या पानांचा वास येत होता, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले तशी त्यात आणखी एक वास मिसळला. भाजलेल्या नारळाच्या दुधाचा. धुराचा. माझी पावलं आपोआप हळू झाली.

आई झाडाखाली होती. ओल्या फरशीवर मांडी घालून, डोळे मिटून, हात मांडीवर.

“आई! ऊठ. फरशी गार आहे.”

“श्श्... दुसरा पडलाय.” मग एक डोळा किंचित उघडून, “बाई, तुम्हीही बसा. असं उभं राहू नये.”

“आई, संपली प्रार्थना. केव्हाच संपली.”

“कशी संपेल? तिसरा कुठे पडला?”

मी तिला काखेत धरून ओढलं. शहाऐंशी वर्षांची, चिमणीएवढी बाई, पण जागची हलेना. हात बर्फासारखे, ओठ निळसर. मला रडू फुटायचं बाकी होतं. म्हटलं, ही इथेच बसल्या बसल्या जाणार, पेनी आजोबांसारखी, आणि मला ‘बाई’ म्हणतच जाणार.

समोरचं फाटक उघडलं. आमच्याच जुन्या घरातून केसांचा अंबाडा घातलेला एक तरुण गोरा बाहेर आला. ह्यूगो त्याचं नाव. मी त्याला घाईघाईत सगळं सांगितलं. पोरगा भला. “गॅसचा सिलिंडर? आहे की माझ्याकडे!” म्हणत परसातून मांस भाजायच्या शेगडीचा सिलिंडर उचलून आणला, वर गाडीचा पाना आणला. मी देवाचं नाव घेतलं आणि ठोकला.

‘ठप्प.’

आईने डोळे उघडले. “कुणाचा डबा पडला?”

“आई, तिसरा टोल!”

“हा?” तिने त्या सिलिंडरकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. “बाई, देवाच्या कामात थट्टा करू नये.”

ह्यूगोला चेव चढला. त्याने दोन्ही हातांनी पाना घातला. आई म्हणाली, “त्या मुलाला सांगा, घरी जा म्हणावं. आई वाट बघत असेल.” शेवटी तो पांघरूण आणायला आत पळाला आणि मी आईशेजारी फरशीवर बसले. करणार काय?

तिने गाणं धरलं. आमचं रोजचं, प्रार्थनेच्या शेवटचं. तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण त्यातला एक शब्द चुकला नाही. मीही सूर मिळवला. दुसऱ्या कडव्याला मला जाणवलं, की खालचा जाड सूर कुणीतरी लावतंय. उजव्या घरातून... मग डाव्या... भिंतींच्या आतून आल्यासारखा, दबका, एकमेकांत मिसळलेला. मी गायची थांबले. गाणं थांबलं नाही.

शेवटची ओळ संपली. सगळं चिडीचूप. आणि आमच्या डोक्यावर टोल पडला.

तो खणखणीत, लांब रेंगाळणारा आवाज मी विसरेन का? माझ्या दातांत घुमला तो. मी वर बघितलं. फांदी रिकामी. सालीवर साखळीची जुनी खाच तेवढी. पण ती फांदी हलत होती... वारा नसताना.

या नव्या घरांच्या फाटकांवर, समोरून कुणी गेलं की आपोआप लागणारे दिवे असतात. पहिला दिवा आमच्या जुन्या घराचा लागला. मग शेजारचा. मग समोरचा. मग भराभर, दोन्ही बाजूंनी, उतारावर खालपर्यंत. ओल्या रस्त्यावर पट्पट् असा आवाज होत होता, अनवाणी पायांचा. दिसत कुणीच नव्हतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि त्याच वेळी, देवाशपथ सांगते, मी हसत होते. खदाखदा. पोट दुखेपर्यंत.

दारात पांघरूण घेऊन उभा असलेला ह्यूगो म्हणाला, “आत्ता माझ्या जिन्यावरून कोण धावलं?”

आई आपली आपण उठली. पदर झटकावा तसा कमरेला गुंडाळलेला लावालावा झटकला. “चला. पोरांना भुका लागल्या असतील.”

मी गाडी झाडाखाली आणली. पुढचं दार उघडून दिलं, तर तिने आधी मागचं उघडलं आणि धरून उभी राहिली. “हळू. ढकलाढकली नको. धाकटीला मध्ये बसू द्या.” मग दार लावलं आणि पुढे येऊन बसली. म्हटलं, असू दे, जुनी सवय आहे.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडी बोंबलायला लागली. टूं टूं टूं. समोर तीन लाल दिवे. मागच्या तीन जागा, तीन न बांधलेले पट्टे. म्हटलं, ओल शिरली असेल. पण आरशाकडे बघायची हिंमत होईना.

आई मागे वळली. “सेमिसी! नीट बस. पट्टा लाव.”

मागे ‘खट्’ झालं. एक दिवा विझला.

सेमिसी ब्रिस्बेनला असतो. पोटाचा घेर सांभाळत नातवंडं खेळवतो. त्याच सकाळी माझ्याशी फोनवर भांडला होता, ठणठणीत आवाजात.

“फुआतिनो, हसू नकोस. तूही लाव.”

‘खट्’. फुआतिनो सिडनीला, तिलाही काही झालेलं नाही.

“तालिता.”

वर्षभराने! माझे डोळेच भरून आले. “काय गं आई?” मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. ती मागेच बघत होती, मधल्या जागेकडे.

“तालिता, किती वेळा सांगायचं?”

टूं टूं टूं. मी माझा पट्टा चाचपला. बांधलेला होता. लाल दिवा तसाच.

आई माझ्याकडे वळली आणि त्या मेल्या आदबीने म्हणाली, “माफ करा हं बाई. माझी धाकटी आहे. पहिल्या हाकेला ऐकेल तर शपथ. पण खरं सांगू? तिघांत माझा जीव हिच्यावरच जास्त आहे. तिला सांगू नका, शेफारेल.”

मागे बराच वेळ काही झालं नाही. मग अगदी हळूच, ‘खट्’. दिवा विझला, गाडी गप्प झाली, आणि मांगेरेपर्यंत मी रडतही होते आणि हसतही होते. रस्ता दिसला हेच नशीब.

घरी आल्यावर आईने पुन्हा मागचं दार धरलं. “चला, उतरा,” म्हणाली. थोडं थांबली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, “दोघंच उतरली. ती यायची नाही एवढ्यात,” आणि आत गेली.

सकाळी मी मागे बघितलं. कडेचे दोन पट्टे सुटलेले, जागच्या जागी. मधला लावलेला होता, आणि ओढून पार आखूड केलेला, जेमतेम पाच-सहा वर्षांच्या पोराच्या पोटाएवढा.

आई मला अजून बाईच म्हणते. म्हणू दे, आता मला काही वाटत नाही. गाडी मी मुलाला परत दिली नाही. त्याला म्हटलं, तू दुसरी घे. तो पट्टाही मी सोडलेला नाही. हट्टी आहे ती, तिच्या मनात येईल तेव्हा उतरेल.

चला, अंधार पडला, तुम्हाला घरी सोडते. फक्त मागे बसणार असाल तर खिडकीशी बसा.