तीन इंच कमी

अप्पाजींची मूठ उघडली तेव्हा तिच्यात रबराची एक टोपी निघाली. खुर्चीच्या पायाला असते तसली, काळी.

सकाळी साडेसहाला सात नंबरच्या खोलीत ते पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये पडलेले सापडले होते. कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं होतं. खुब्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते, आणि त्याच दुपारी ते घरी जायचे होते. घरी नेलं, पण खांद्यावरून.

दिवसकार्य उरकल्यावर डॉक्टर जयतीर्थांनी विनुताला फोन केला. तंजावुरात मेलवीधी रस्त्याच्या टोकाला त्यांचं वीस खाटांचं इस्पितळ आहे, आणि तिथली एकूण एक खुर्ची विनुतानं निवडलेली. इस्पितळांना खाटा, कपाटं, बाकं निवडून द्यायची, हाच तिचा धंदा. खुर्ची निवडायला काय अक्कल लागते, असं लोक हसून म्हणायचे. ती पर्समधून टेप काढून त्यांच्याच घरची खुर्ची मोजायची आणि ते गप्प बसायचे.

"सात नंबरची खोली आज उघडली," डॉक्टर म्हणाले. "खुर्ची बुटकी आहे. लगेच ये."

विनुतानं टेप लावली. बैठक जमिनीपासून सोळा इंच. तिनं घेतल्या त्या सगळ्या एकोणीस इंचांच्या होत्या. खुबा बदललेल्या माणसानं खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, म्हणून मुद्दाम उंच घेतलेल्या. या खुर्चीचे चारी पाय कुणीतरी कापले होते.

कुणी, ते डॉक्टरांनी ठरवूनच टाकलं होतं. इस्पितळात करवत एकच, आणि ती वॉर्डबॉय वैद्यनाथच्या ताब्यात. खुर्ची आपटून एक पाय तुटला असेल, ते झाकायला यानं चारी पाय सारखे केले; म्हातारा त्या खुर्चीत बसला, त्याला उठता आलं नाही, पडला. पोलिसांना द्यायचं पत्र खोलीतल्या टेबलावर सहीसाठी तयार होतं. आणि पाच वाजता वैद्यनाथनं गणवेश जमा करायचा होता.

विनुतानं खुर्ची उलटी केली. कापलेल्या कडा गोल घासल्या होत्या, वर मेणाचा हात फिरवलेला. टोप्या बसाव्यात म्हणून जाड टोकं नीट तासली होती. एका पायाची टोपी मात्र नव्हती; अप्पाजींच्या मुठीतली ती डॉक्टरांनी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. मग तिनं वैद्यनाथला करवत आणायला सांगितलं. त्या करवतीचे दात बघून तिला हसू आलं असतं, वेळ वेगळी असती तर. असल्या जाड दातांच्या करवतीनं झावळ्या कापाव्यात.

"खोलीत पहिला तू आलास?" तिनं विचारलं.

"हो, अक्का." तो तमिळमध्येच बोलत होता, खाली मान घालून.

"खुर्चीवर काय होतं?"

"मामींची पिशवी. वर घडी केलेलं लुगडं आणि फुलांचा पुडा."

"सांडलेलं? विसकटलेलं?"

"नाही. जसंच्या तसं."

विनुता उठून उभी राहिली. खुर्चीत बसलेला माणूस पिशवीवर कसा बसेल? अप्पाजी त्या खुर्चीत बसलेच नव्हते.

तेवढ्यात भामामामी आल्या. अप्पाजींची बायको, सत्तरीच्या पुढची, जेमतेम पावणेपाच फूट. गडबडीत राहिलेलं सामान न्यायला आल्या होत्या. विनुतानं त्यांना पलंगावर बसवलं. मामींनी आधी स्वतःचाच गुन्हा कबूल केला.

"माझ्यामुळे गेले ते," त्या म्हणाल्या. "शेवटल्या आठवड्यात एका सांजेस त्यांनी माझ्या पायांस हात लावला. नवऱ्यानं बायकोच्या पायांस हात लावूं नये, आमच्यांत चालत नाही. पण पाय ठणकत होते, मी ओढून घेतले नाहीत. त्याचं पाप मज लागलं."

"पाय का ठणकत होते, मामी?"

"खाली बसूं देत नाहीत ना इथे, फिनेल घालतात. खुर्ची उंच. दिवसभर पाय लोंबकळत, सांज होईतों सुजत. मग पुढे चांगली खुर्ची दिली तुम्ही लोकांनी. पाय टेकले. मी त्यांना म्हटलंसुद्धा, किती दयाळू लोक आहेत."

आता विनुताला सगळं दिसत होतं, आणि बघावंसं वाटत नव्हतं.

"पायांना हात लावला म्हणजे कसा? चेपले?"

"गुडघ्यापासून टाचेपर्यंत वीत ठेवली. दोनदा."

"घरून तुम्ही त्यांना काय काय आणून दिलंत?"

"कॉफीचा डवरा, टंबलर, देवाचं पुस्तक. हत्यारांची पिशवी. गंज चढतो, तूं दुपारीं आंघोळीला घरी जातेस तेव्हा तेल लावत बसतो म्हणाले."

अप्पाजींनी तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलं होतं.

"आणि त्या सकाळी?"

"कॉफी आणायला खाली गेलें. जातांना म्हटलं, खुर्ची डुगडुगते."

विनुता डॉक्टरांना घेऊन व्हरांड्यात आली. बोललं तर या बाईचं काळीज फाटणार होतं; न बोललं तर वैद्यनाथचं घर बसणार होतं. तिनं आवाज खाली आणला.

"पाय अप्पाजींनीच कापले. दुपारी मामी आंघोळीला घरी जायच्या तेव्हा, खुर्ची पलंगावर आडवी घेऊन. आधी त्यांनी मामींचे पाय मोजले, मग लाकूड. तुमच्या करवतीनं असं काम होत नाही. बारीक दातांची लागते, आणि तसा हातही लागतो. एक टोक किंचित जास्त तासलं गेलं, त्याची टोपी निसटली, खुर्ची डुगडुगायला लागली. मामी कॉफी घेऊन यायच्या आत ती बसवून टाकावी म्हणून ते वाकले. खुर्चीत बसले नाहीत, डॉक्टर. वाकले."

डॉक्टरांनी वळून खोलीतल्या खुर्चीकडे पाहिलं.

"आणि पहिली चूक माझी. ही खुर्ची निवडताना मी रोग्याचा गुडघा मोजला. रोगी तिच्यात तासभर बसतो. दिवसभर जी बसते तिला मी मोजलंच नाही."

मागे काहीतरी टक्कन वाजलं. भामामामी दारात उभ्या होत्या. कपाटातली हत्यारांची पिशवी त्यांनी उघडली होती. आत बारीक दातांची करवत, मेणाचा तुकडा, आणि रुमालात बांधलेले लाकडाचे चार तुकडे, तीन-तीन इंचांचे. एक हातातून पडला होता. विनुतानं उचलला. त्यावर पेन्सिलीनं तमिळ अक्षरांत लिहिलं होतं, भामा. ज्याची वस्तू त्याचं नाव त्या लाकडावर लिहायचं, ही अप्पाजींची शाळेतली शिस्त.

"मोजत होते काय ते?" मामींनी विचारलं.

"हो, मामी."

"मज सांगितलं असतं तर मी करूं दिलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं नाही त्यांनी."

"आणि मी म्हटलं, डुगडुगते."

विनुता तिथेच रडली, डॉक्टरांसमोर, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. मामींनी डोळे पुसले आणि मघाशी वाचलेल्या टेबलावरच्या पत्राकडे बोट केलं. आमच्या घरच्या माणसानं केलेल्या कामासाठी या पोराचं काम काढूं नका, एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी ते पत्र फाडलं.

वैद्यनाथनं ड्रॉवरमधून ती रबराची टोपी काढली. आत कागदाची घडी घालून ती पायावर घट्ट बसवली, खुर्ची सरळ केली आणि हातानं दाबून पाहिली.

भामामामी खुर्चीत बसल्या. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"आता डुगडुगत नाही," त्या रिकाम्या पलंगाकडे बघून म्हणाल्या, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.